स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : अँटिबायोटिक चालू असताना परस्पर घेतल्या जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या

पावसाळा सुरू झाला की अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका, हा सल्ला सगळीकडे छापून येतो. सल्ला योग्यच आहे. पण त्या पाच-सात दिवसांत घरातल्या औषधांच्या डब्यातून आणखी काय काय पोटात जाते, याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. मेडिकलच्या काउंटरवर मात्र रोज तोच प्रश्न येतो : ‘अँटिबायोटिक चालू आहे, वर दुखण्याची गोळी घेतली तर चालेल ना?’ याला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा माणूस, तो काउंटरच्या अलीकडे असो की पलीकडे, अंदाजाने बोलतो आहे असे खुशाल समजावे. ‘दुखण्याची गोळी’ नावाचे औषध मुळात अस्तित्वात नाही. त्या एका नावाखाली डझनभर वेगवेगळी रसायने विकली जातात आणि त्यांतली काही अँटिबायोटिकशी सुखाने नांदतात, काही नांदत नाहीत. कोणती कोणती, ते स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

आधी सोपा भाग उरकतो. नुसती पॅरासिटामॉल, म्हणजे जिच्या मागे पॅरासिटामॉल हे एकच नाव आहे अशी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, नेहमीच्या अँटिबायोटिकांसोबत चालते. अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड (सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘६२५’), अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, डॉक्सीसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन, यांतल्या कुणाशीही तिचे वाकडे नाही. दोन्ही गोळ्या एकाच पेल्याबरोबर घेतल्या तरी चालते. मध्ये अर्धा तास थांबायचा जो रिवाज पडला आहे, त्याची गरज नाही. ६२५ मात्र जेवायला बसताना पहिल्या घासाबरोबर घ्यावी, पोट कमी बिघडते. थांबायचे असते ते पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांमध्ये : कमीत कमी चार तास, शक्यतो सहा.

धडधाकट प्रौढ माणसाला चोवीस तासांत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम आहे. डॉक्टरांना न विचारता स्वतःच्या मनाने घ्यायची असेल तर ३ ग्रॅमवर थांबावे. वजन पन्नास किलोपेक्षा कमी, रोज दारू, यकृताचा आजार, किंवा तापाने दोन-तीन दिवस पोटात अन्नच नाही, अशांनी २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. आकडे ऐकायला ऐसपैस वाटतात. आता एक साधा हिशोब करून पाहा. डॉक्टरांनी अँटिबायोटिकसोबत ६५० ची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली : १९५०. नाक वाहते म्हणून घरातली सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल : १५००. अंग मोडून आले म्हणून शेजाऱ्यांकडची ॲसिक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ, तिच्यात ३२५ : ६५०. एकूण ४१००. तीन वेगळ्या नावांच्या, तीन रंगांच्या गोळ्या घेतल्या आणि मर्यादा ओलांडली. घेणाऱ्याच्या लेखी त्याने तापाची एक, सर्दीची एक आणि अंगदुखीची एक अशी काटकसरीनेच औषधे घेतली होती.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा निर्णय केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये घेतला, तो याच यकृताच्या काळजीपोटी. त्यामुळे एका गोळीतला धोका कमी झाला, पण दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र करणाऱ्याला तो नियम वाचवू शकत नाही. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला लगेच निष्प्रभ करतो. गोळ्या जास्त झाल्या किंवा उपाशीपोटी साठाच आटलेला असला की ते विष यकृताच्या पेशींवर उतरते. घात असा की पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर काही जाणवत नाही. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत मिळाला तर उत्तम काम करतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्याचे लक्षात आले तर ‘बरे वाटतेय’ म्हणून घरी बसू नये. रिकाम्या स्ट्रिपा खिशात घालून थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

आता अवघड भागाकडे. आपल्याकडच्या गोळ्यांच्या नावांना शेपट्या असतात. मूळ नावापुढे ‘पी’ असेल तर बहुधा पॅरासिटामॉल घातलेले असते. ‘एसपी’ म्हणजे सेराशिओपेप्टिडेझ आणि पॅरासिटामॉल. (सूज उतरवणारे म्हणून खपणारे हे सेराशिओपेप्टिडेझ जपानच्या मूळ कंपनीने २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतले. आपल्याकडे अजून त्याची चलती आहे.) ‘एमआर’ ही शेपटी सगळ्यांत फसवी. तिचा अर्थ स्नायू सैल करणारे औषध, पण कोणते ते कंपनीगणिक बदलते. कुणाच्या गोळीत क्लोरझॉक्साझोन, कुणाच्या थायोकोल्चिकोसाइड, तर कुणाच्या टिझॅनिडिन. कंबर धरली, मान आखडली की लोक हीच गोळी मागतात, आणि एकदा लागू पडली की उरलेली अर्धी स्ट्रिप डब्यात जपून ठेवतात.

टिझॅनिडिनची आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची गाठ पडता कामा नये. सिप्रोफ्लॉक्सासिन हे लघवीच्या जळजळीवर आणि जुलाबावर सर्रास घेतले जाणारे अँटिबायोटिक, अनेकदा चिठ्ठीशिवायच मागितले जाणारे. शरीरातून टिझॅनिडिनचा निचरा करणारे यकृतातले जे एंझाइम आहे, नेमके त्यालाच ते अडवते. दोन्ही एकत्र घेतल्यावर रक्तात राहणारे टिझॅनिडिन सरासरी दहापट होते, असे निरोगी माणसांवरच्या चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे पोटात २ मिलिग्रॅम जाते आणि अंगावर येते वीस मिलिग्रॅमसारखे. रक्तदाब खाली येतो, तोंड कोरडे पडते, डोळ्यांवर झापड येते, उभे राहिले की भोवळ. लघवीच्या संसर्गाने बेजार झालेल्या सत्तरीच्या बाईंना रात्रीतून चारदा उठावे लागते. कंबरही दुखते, कारण संसर्गात ती दुखतेच. त्यांनी डब्यातली ‘एमआर’ घेतली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तोल गेला, तर घरचे म्हणतील वय झाले. हे दोन औषधांचे एकत्र सेवन निषिद्ध आहे. ‘सावधगिरीने घ्यावे’ अशा वर्गातलेसुद्धा ते नाही. कंबरदुखीला त्या आठवड्यात शेक आणि साधी पॅरासिटामॉल एवढेच बरे. मात्र लघवीच्या त्रासात कुशीत दुखणे आणि थंडी वाजून ताप आला, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. तिथे गोळ्यांची अदलाबदल न करता डॉक्टर गाठावेत.

त्याच एंझाइमवर कॅफिनचाही निचरा होतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ५० मिलिग्रॅम कॅफिन असते. सिप्रोफ्लॉक्सासिनवर असलेल्या माणसाने अशा दोन गोळ्या आणि नेहमीचे तीन-चार कप चहा घेतला की छातीत धडधड आणि रात्रभर टक्क जाग. जीवावर बेतत नाही, पण लोक त्याचे खापर ‘अँटिबायोटिक उष्ण पडले’ यावर फोडतात आणि कोर्स सोडतात. अर्धशिशीची गोळी याहून वाईट. तिच्या काही मिश्रणांत पॅरासिटामॉल आणि कॅफिनबरोबर १ मिलिग्रॅम अर्गोटामिन असते. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन अथवा एरिथ्रोमायसिन चालू असताना हे अर्गोटामिन शरीरात साचते आणि रक्तवाहिन्या आकसतात. बोटे गार, बधिर, निळसर पडू लागतात आणि वेळीच कळले नाही तर बोट गमावण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. अर्धशिशीच्या रुग्णाने घसा दाखवायला जाताना आपली नेहमीची गोळी खिशात घालून न्यावी.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या भावंडांविषयी, म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांविषयी आणखी दोन सूचना. ही आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या घरातली औषधे एकत्र आली की मेंदू उत्तेजित होऊन झटके येण्याचा धोका वाढतो. सगळ्यांनाच नाही, पण फिट्सचा आजार असलेल्यांनी आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी हा खेळ करू नये. दुसरे, या अँटिबायोटिकांनी स्नायूंच्या दोऱ्या, विशेषतः टाचेमागची जाड दोरी, दुखावते आणि कधी तुटतेही. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असताना धोका जास्त. कोर्सच्या दरम्यान टाचेमागे दुखू लागले तर त्यावर वेदनाशामक घेऊन चालत राहणे हा सगळ्यांत चुकीचा उपाय. अँटिबायोटिक थांबवायचे, पायाला विश्रांती द्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पर्यायी औषध घ्यायचे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सारी एका कुटुंबातली. यांतले आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीवरच द्यायची औषधे आहेत. प्रत्यक्षात ती वाण्याकडच्या गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जातात, हे मान्य करूनच पुढचे लिहितो. तरुण, निरोगी माणसाने आयबुप्रोफेनची २०० ते ४०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर, सहा ते आठ तासांच्या अंतराने, दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आत दोन-तीन दिवस घेतली तर अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिनला त्याची अडचण नाही. दाढ ठणकत असताना आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० ही जोडी चांगली चालते, नुसत्या अँटिबायोटिकपेक्षा तर नक्कीच. अँटिबायोटिक हे वेदनाशामक नाही. दातातली सळक त्याने थांबत नाही आणि सूज, ताप नसेल तर दंतवैद्यही बहुतेक वेळा ते टाळतात. पण या कुटुंबातल्या दोन गोळ्या कधीच एकत्र घेऊ नयेत. दंतवैद्यांनी दिलेली, पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक १० मिलिग्रॅम आणि घरातली ‘कॉम्बी’ (आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल) एकाच दिवशी घेतली की आराम दुप्पट मिळत नाही, पोटातल्या जखमेचा धोका मात्र वाढतो. केटोरोलॅक पाच दिवसांच्या पुढे कुणीच घेऊ नये. दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे ७५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेतले असेल तर दिवसाच्या १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेतला निम्मा वाटा तिथेच संपलेला असतो. घरी येऊन वर गोळ्या चढवताना ते धरलेले नसते.

या कुटुंबाचे खरे सावज मूत्रपिंड. ताप, जुलाब, उलट्या यांनी शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या जोरावर उघडी ठेवते. ही औषधे प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. रक्त कमी येते, लघवी कमी होते. त्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकांची इंजेक्शने चालू असतील तर तीही मूत्रपिंडालाच जड. दोन्ही बाजूंनी मार बसतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांपैकी रक्तदाबाची गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आजारपणात आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकला हात लावू नये. याच मंडळींना को-ट्रायमॉक्साझोल हे जुने, स्वस्त अँटिबायोटिक दिले गेले तर रक्तातले पोटॅशियम वाढते, वेदनाशामकाने ते आणखी वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रोजच्या गोळ्यांची पिशवी न्यायची. ‘बीपीची पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर, म्हणजे वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉलवर असलेल्यांचा प्रश्न आणखी नाजूक. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांनी त्या गोळीचा जोर वाढतो आणि आयबुप्रोफेनने जठरातून रक्तस्राव व्हायला वाट मोकळी होते. यांना पॅरासिटामॉलच, पण दिवसाला २ ग्रॅम याप्रमाणे सलग चार-पाच दिवस घेतली तर तिनेही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) वर सरकतो. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तीन ते पाच दिवसांत ती तपासणी करून घ्यावी. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन घ्यावीच लागली तर साधी ॲस्पिरिन घेतल्यानंतर अर्ध्या तासाने घ्यावी, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी. नाहीतर ॲस्पिरिनची जागा आयबुप्रोफेन अडवून बसते आणि हृदयाचे संरक्षण त्या दिवसापुरते निकामी होते.

आता एका अशा बिघाडाकडे येतो ज्यात दोष दुखण्याच्या गोळीचा नसतो, तिच्या मागोमाग घेतलेल्या गुलाबी पातळ औषधाचा असतो. डायक्लोफेनॅक घेतली, पित्त झाले, म्हणून दोन चमचे अँटासिड जेल. त्यातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम सिप्रोफ्लॉक्सासिनला आतड्यातच बांधून टाकतात. अँटिबायोटिक वेळेवर घेतले जाते आणि तसेच बाहेर पडते. चौथ्या दिवशीही जळजळ तशीच, मग ‘हे औषध लागू पडत नाही’ म्हणून त्याहून जहाल अँटिबायोटिक. सिप्रोफ्लॉक्सासिन अँटासिडच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे. लिव्होफ्लॉक्सासिन आणि डॉक्सीसायक्लिनला दोन्ही बाजूंनी दोन-तीन तास पुरतात. लोह, कॅल्शियम आणि झिंकच्या गोळ्यांनाही हेच लागू. ‘गोळी उष्ण पडते, दुधाबरोबर घे’ हा घरोघरचा सल्ला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत सपशेल चुकीचा आहे. दुधातले कॅल्शियम तेच काम करते. अमॉक्सिसिलिन दुधाबरोबर घेतली तर काही बिघडत नाही. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या पित्ताच्या गोळ्यांत धातू नसल्याने सिप्रोफ्लॉक्सासिनला त्यांचा असा अडथळा नाही. मात्र सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिम या गोळ्यांना रक्तात शिरायला जठरातले आम्ल लागते. पित्ताच्या औषधाने आम्लच मारले की त्या कमी शोषल्या जातात. त्या पोटभर जेवणानंतर घ्याव्यात आणि पित्ताची गोळी गरज नसताना ‘सोबत असू दे’ म्हणून घेऊ नये. अँटिबायोटिकच्या चिठ्ठीला ती हल्ली शेपटीसारखी चिकटलेली असते.

कोकण-मुंबईच्या पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टरी सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन दिले जाते. हे औषध अन्ननलिकेत अडकले तर तिथे व्रण करते. भरपूर पाण्याबरोबर, खाल्ल्यावर, बसून घ्यायचे आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवे व्हायचे नाही. त्याच्याबरोबर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळली तर व्रणाची शक्यता दोन्हींमुळे वाढते. दुसऱ्या दिवशी घास गिळताना छातीच्या मधोमध कळ येते आणि लोकांना हृदयाची शंका येते. खुद्द लेप्टोमध्ये पोटऱ्या इतक्या दुखतात की हात आपोआप डायक्लोफेनॅककडे जातो. तो आजार मूत्रपिंड आणि यकृत या दोहोंना धरतो, म्हणून नेमकी हीच गोळी तिथे नको. डेंग्यूमध्ये अँटिबायोटिकचा उपयोग नाही आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाची भीती. थोडक्यात, जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत तापाचे निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही घेऊ नये, आणि तीही मर्यादेत, कारण डेंग्यूत यकृत आधीच सुजलेले असते.

क्षयाची औषधे हीही अँटिबायोटिकच, हे अनेकांच्या ध्यानात नसते. पहिल्या दोन महिन्यांत घ्याव्या लागणाऱ्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढते आणि सांधे दुखतात. रुग्णाला वाटते अशक्तपणा आहे आणि तो दुखण्याच्या गोळ्या सुरू करतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर भार टाकणारी आहेत. त्यात पॅरासिटामॉलचा रोजचा रतीब नको. सांधेदुखी सांगितली तर उपचार केंद्रातून योग्य तो उपाय मिळतो, कोर्स सोडावा लागत नाही. एक बारकावा : यकृत बिघडले की लघवी गडद होते असे आपण सांगतो, पण रिफॅम्पिसिनने लघवी तशीही केशरी-लाल होते. म्हणून या रुग्णांनी लघवीच्या रंगावर न जाता डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहावा आणि अन्नावरची वासना उडाली, ओकाऱ्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी दाखवावे.

लहान मुलांच्या बाबतीत चुका चमच्यात होतात. पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम, दिवसातून चारदाच्या पुढे नाही. बाजारात सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० चेही. थेंबांची बाटली तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमची. हेच १८० मिलिग्रॅम १२० च्या सिरपमधून साडेसात मिलिलिटर, २५० च्या सिरपमधून साधारण साडेतीन आणि थेंबांतून पावणेदोन मिलिलिटर होतात. जुनी बाटली संपली, नवी ‘स्ट्राँग’ आणली आणि माप तेच साडेसात ठेवले, की दर वेळी दुप्पट औषध. स्वयंपाकघरातला चमचा माप म्हणून वापरूच नये. मेफेनॅमिक ॲसिडच्या अनेक सिरपांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते, ते पॅरासिटामॉलच्या जोडीला देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे, ॲस्पिरिनही सोळा वर्षांखाली नको. तापाचे औषध अँटिबायोटिकच्या बाटलीत मिसळून ‘एकदाच’ देण्याची युक्ती करू नये. अँटिबायोटिक ठरावीक वेळांना जायला हवे, पॅरासिटामॉल फक्त लागेल तेव्हा.

यावरून आठवले. पॅरासिटामॉल घड्याळ लावून देत राहिले तर अँटिबायोटिक काम करते आहे की नाही हेच कळत नाही, कारण थर्मामीटरवर दिसतो तो गोळीचा परिणाम. ताप मोजायचा तो गोळी देण्याआधी, आणि आकडा वेळेसकट खोक्यावरच लिहायचा. ‘सकाळी ७ : १०२.४, दुपारी ३ : १०१’ अशा चार नोंदी डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतात. दोन-तीन दिवसांनंतरही आकडे उतरत नसतील तर परत दाखवायचे. हेच सुजेचे. कातडीखालचा गळू, पायावरची लाल सूज, कांजिण्यांत चिघळलेले फोड यांवर आयबुप्रोफेन घेतली तर दुखणे आणि ताप दबतो, संसर्ग मात्र आत पसरू शकतो. फ्रान्सच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये याबाबत स्पष्ट इशारा दिला होता. सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवावी. लाली रेघेबाहेर गेली तर रात्र काढू नये.

कोर्समध्ये पुरळ उठले की आळ अँटिबायोटिकवर येतो आणि पुढे जन्मभर ‘मला अमॉक्सिसिलिन चालत नाही’ असे सांगितले जाते. गुन्हेगार सोबतची गोळीही असू शकते. मेफेनॅमिक ॲसिडने ताप, पुरळ, गाठी आणि आतल्या अवयवांना सूज असा गंभीर प्रकार होऊ शकतो, असा इशारा गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला. म्हणून कोणती गोळी कोणत्या दिवशी सुरू केली, हे लिहिलेले असावे. पुरळ काही वेळा औषध सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा उठते. तोवर खोके केराच्या डब्यात गेलेले असते.

बरेच डॉक्टर स्वतःच कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून देतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, गरीब रुग्णाला ते परवडतेही. पण पुडीतल्या पिवळ्या गोळीत काय आहे, हे घरी कुणाला कळणार? पुडीवर औषधांची नावे लिहून मागण्यात संकोच नको. मेडिकलमधून चार गोळ्या कापून घेताना ज्या कडेला नाव, घटक आणि मुदत छापली आहे तो तुकडा आपल्याकडे येतो का, हे बघावे. नाही तर अख्ख्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा, आणि काउंटरवर ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असे विचारून त्यांनाच तो दाखवावा. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिके १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते आणि वही तीन वर्षे ठेवावी लागते. ती नोंद होत असताना ‘घरी दुखण्याची कोणती गोळी घेता?’ हा एक प्रश्न सहज विचारता येतो. आमच्या व्यवसायबंधूंपैकी किती जण तो विचारतात, यावर न बोललेलेच बरे.

आणि शेवटी ज्यासाठी हे पत्र लिहिले ती मागणी. औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँट मोठे छापावे, असा नियम २०१८ पासून लागू आहे. त्यातून तीन किंवा अधिक औषधे एकत्र असलेली मिश्रणे वगळलेली आहेत. म्हणजे एकट्या पॅरासिटामॉलच्या स्ट्रिपवर, जिथे गोंधळ व्हायची शक्यता सगळ्यांत कमी, तिथे नाव ठळक. आणि ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, टिझॅनिडिन अशा तिहेरी गोळीवर मात्र ब्रँड ठसठशीत व घटक चंदेरी फॉइलवर भिंगाने शोधावे लागतील असे. ही सूट निदान वेदनाशामकांपुरती काढून टाकावी आणि घटकांची नावे देवनागरीतही छापावीत, असा प्रस्ताव राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने केंद्राकडे पाठवावा. तोवर आपल्या आरोग्यविषयक मजकुरात ‘एखादी वेदनाशामक गोळी घ्यावी’ असे मोघम न छापता औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापावेत, ही आपल्यालाही विनंती.

आपले,
किरकोळ औषध दुकानांत काम करणारे दोन नोंदणीकृत फार्मासिस्ट